आराम पडला, पण कशाने?

पावसाळ्यातल्या शनिवारी सकाळी मुंबईहून आलेली माणसे लोणावळ्याच्या फलाटावर उतरतात आणि सामान खांद्याला लावायच्या आधी छाती भरून श्वास घेतात. "इथल्या हवेत ऑक्सिजनच जास्त!" हे वाक्य कुणीतरी म्हणतेच. भुशी धरणाच्या पायऱ्यांवर, राजमाचीच्या वाटेवर, पवनेच्या काठी तंबू ठोकताना हेच वाक्य पुन्हा ऐकू येते.

हवेत प्राणवायूचे प्रमाण साधारण २१ टक्के असते. ते दादरला तेवढेच आणि लोणावळ्यालाही तेवढेच. उलट लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंच आहे. इतक्या उंचीवर हवेचा दाब मुंबईपेक्षा जवळजवळ ७ टक्क्यांनी कमी असतो, म्हणजे तेवढ्याच मोठ्या श्वासात प्राणवायूचे रेणूही तेवढेच कमी येतात. हिशेबाने पाहिले तर बोरघाट चढून आलेला माणूस घरच्यापेक्षा थोडा कमी प्राणवायू आत घेत असतो.

मग ताजेतवाने वाटते ते खोटे का? मुळीच नाही. हवा थंड असते, धूळ आणि धूर कमी असतो, कामाचा फोन वाजत नाही, डोळ्यांपुढे हिरवा डोंगर असतो. बरे वाटणे खरेच आहे, त्यासाठी दिलेले कारण तेवढे चुकीचे आहे. आरोग्याविषयी आपण जे काही बोलतो, ऐकतो आणि मोबाइलवरून पुढे पाठवतो, त्यातले बरेचसे असेच असते. अनुभव खरा असतो आणि त्याला जोडलेले कारण कुणी तपासलेले नसते. हे कारण तपासायचे कसे, हे सांगायला लोणावळ्याइतकी योग्य जागा महाराष्ट्रात दुसरी नाही. योगातले दावे यंत्रावर मोजून पाहायचे काम याच गावात १९२४ पासून पद्धतशीर सुरू झाले.

आधीच भरलेली गाडी

आधी श्वासाचेच पाहू. रक्तातल्या तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन नावाचे प्रथिन असते आणि प्राणवायू त्याला चिकटून शरीरभर जातो. निरोगी माणूस शांत बसलेला असताना फुप्फुसांतून बाहेर पडणाऱ्या रक्तातले हिमोग्लोबिन सुमारे ९७-९८ टक्के भरलेले असते. पुण्याहून सकाळी सुटणाऱ्या लोकलच्या डब्यात शंभर आसने आहेत आणि त्यांतल्या सत्त्याण्णवांवर माणसे बसलेली आहेत असे समजा. आता फलाटावर आणखी पाचशे माणसे आणून उभी केली, तरी आसने मिळणार तिघांनाच. दीर्घ श्वास घेऊन आपण फलाटावरची गर्दी वाढवतो, गाडीतल्या जागा वाढत नाहीत. करोनाच्या काळात घरोघरी आलेले बोटाला लावायचे यंत्र ज्यांच्याकडे आहे, त्यांना हे घरीच पाहता येईल. आकडा ९८ असेल तर दहा दीर्घ श्वासांनी तो फारतर एखाद-दुसऱ्या अंकाने वाढतो.

मोठा बदल होतो तो दुसऱ्याच वायूत, कार्बन डायऑक्साइडमध्ये. पेशींनी इंधन जाळले की हा वायू तयार होतो आणि उच्छ्वासावाटे बाहेर जातो. श्वास रोखून धरल्यावर काही वेळाने जी असह्य तगमग होते, ती मुख्यतः प्राणवायू संपल्यामुळे होत नाही. रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढतो, रक्त किंचित आम्लधर्मी होते आणि मेंदूच्या तळाशी असलेले श्वासकेंद्र ते ओळखून श्वास घ्यायला भाग पाडते. याच्या उलटही घडते. भराभर आणि जोराने श्वास टाकत राहिले की हा वायू गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो. मग मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात, डोके हलके वाटते, बोटांना मुंग्या येतात. कपालभाती करताना नवख्याला जी झिणझिणी जाणवते, तिला कुणी ऊर्जा म्हणतात, कुणी मेंदूला मिळालेला जास्तीचा प्राणवायू म्हणतात. प्रत्यक्षात त्या क्षणी मेंदूला होणारा रक्तपुरवठा कमी झालेला असतो.

सावकाश श्वासाचा लाभ वेगळ्या जागी आहे. एका साध्या श्वासात सुमारे ५०० मिलिलिटर हवा आत येते. त्यातली १५० मिलिलिटर नाक, घसा आणि श्वासनळीतच राहते. वायूंची देवघेव होते त्या फुग्यांपर्यंत ती पोचतच नाही. मिनिटाला १२ श्वास घेतले तर आत येणाऱ्या ६ लिटरपैकी ४.२ लिटर कामी येते. तेवढीच ६ लिटर हवा १ लिटरच्या ६ सावकाश श्वासांत घेतली तर ५.१ लिटर कामी येते. श्वासाचे कष्ट वाया जाण्याचे प्रमाण असे कमी होते. दम्याच्या किंवा फुप्फुसांच्या जुनाट आजाराच्या रुग्णाला हा फरक जाणवू शकतो.

सावकाश श्वासाचा हृदयाशीही संबंध आहे. मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या धमन्यांच्या भिंतींत दाब ओळखणारी चेतातंतूंची टोके असतात. दाब वाढला की ती मेंदूला कळवतात आणि हृदयाची गती कमी केली जाते. इटलीतले संशोधक लुचानो बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. २३ निरोगी माणसांना त्यांनी एकदा लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना आणि एकदा योगातला मंत्र म्हणायला लावला. दोन्ही वेळा श्वासाची गती आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आली आणि दाबावर लक्ष ठेवणारी ही यंत्रणा अधिक तत्पर झाली. धर्म वेगळा, भाषा वेगळी, लय मात्र तीच. देवघरात संथपणे स्तोत्र म्हणणाऱ्या आजीच्या शरीरातही हेच घडत असणार असे मला वाटते.

दाबमापक घेतलेला योगी

हे मोजमापाचे काम सुरू करणाऱ्या, लोणावळ्यातल्या कैवल्यधाम या योगसंस्थेचे संस्थापक स्वामी कुवलयानंद यांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म १८८३ सालचा, गुजरातेतल्या डभोईचा. बडोद्याला माणिकरावांच्या आखाड्यात ते व्यायाम शिकले, अमळनेरला राष्ट्रीय शिक्षणाच्या कामात रमले आणि नर्मदाकाठच्या मालसरला परमहंस माधवदासजींकडून योग शिकले. गुरूने सांगितले ते मानायचे आणि तरीही तपासायचे, हा त्यांचा स्वभाव. १९२०-२१ च्या सुमारास बडोद्याच्या रुग्णालयात त्यांनी उड्डियान आणि नौली या क्रिया क्ष-किरणांखाली पाहिल्या आणि दाबमापकाने मोजल्या. १९२४ च्या दसऱ्याला लोणावळ्यात कैवल्यधाम उभे राहिले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू झाले. पहिल्या वर्षीच्या अंकांतच क्ष-किरणचित्रे आणि दाबाचे आकडे छापलेले आहेत.

त्यांनी सोडवलेले एक कोडे पाहण्यासारखे आहे. हठयोगातल्या बस्ती या क्रियेत साधक पाण्यात बसतो आणि पाणी आपोआप मोठ्या आतड्यात चढते. पिचकारी नाही, पंप नाही. पाणी वर चढते कसे?

श्वास पूर्ण बाहेर टाकून घसा बंद ठेवायचा आणि श्वास न घेताच छाती फुगवायची, याला उड्डियान म्हणतात. छातीच्या पोकळीत हवा येत नाही, म्हणून छाती आणि पोट यांच्यामधला पडदा वर खेचला जातो आणि पोट पाठीकडे आत जाते. नौलीत याच स्थितीत पोटाचे मधले दोन उभे स्नायू आवळून पुढे काढले जातात. त्यामुळे पोटाची पोकळी एकाएकी मोठी होते. आतला दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा खाली उतरतो आणि बाहेरची हवा पाण्याला आत ढकलते. कुवलयानंदांनी आतड्यात नळी ठेवून हा दाब मोजला. नुसत्या उड्डियानाने पाणी ओढण्याइतकी पोकळी होत नाही, ती नौलीने होते, हे त्यांनी दाखवले आणि या अंशतः निर्वात स्थितीला गुरूंचे नाव देऊन 'माधवदास व्हॅक्यूम' म्हटले. यात कोणतीही गूढ शक्ती उरली नाही आणि क्रियेचे कौतुकही कमी झाले नाही. स्नायूंवर इतका ताबा मिळवता येतो, हे मला गूढापेक्षा मोठे वाटते.

प्राणायामाचे मोल जास्तीच्या प्राणवायूत नाही, असे लिहिणारेही कुवलयानंदच. योगवर्गात अजूनही उलटे सांगितले जाते, याची खंत वाटते. कारण दुरुस्ती बाहेरून आलेली नव्हती, ती जवळपास शंभर वर्षांपूर्वी याच घाटमाथ्यावर झालेली होती.

१९३० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या येल विद्यापीठातून कोवूर बेहानन नावाचे केरळी संशोधक लोणावळ्यास आले, कुवलयानंदांकडे शिकले आणि परतल्यावर स्वतःवरच मोजमापे घेतली. १९३७ साली त्यांचे पुस्तक निघाले. उज्जायी हा प्राणायाम करताना त्यांच्या शरीराने नेहमीपेक्षा सुमारे २४.५ टक्के, भस्त्रिकेत १८.५ टक्के आणि कपालभातीत १२ टक्के जास्त प्राणवायू वापरला. घाईने वाचले तर वाटेल, पाहा, मिळाला ना जास्त प्राणवायू! पण हा आकडा खर्चाचा आहे. श्वासाचे स्नायू जोर लावून काम करू लागले, त्यांनी जास्त इंधन जाळले, म्हणून प्राणवायू जास्त लागला. जिना चढतानाही तो जास्त लागतो. शिवाय ही मोजमापे एकाच माणसाची होती आणि तो माणूस स्वतः संशोधक होता. असा अभ्यास प्रश्न नेमका करतो, उत्तराला पुरत नाही.

नाडी लागत नाही, हृदय चालू असते

योगी हृदय थांबवतात, ही गोष्ट आपल्या प्रत्येकाच्या घरात कुणीतरी सांगितलेली असते. १९३५ साली फ्रेंच हृदयतज्ज्ञ तेरेझ ब्रॉस ईसीजी यंत्र घेऊन भारतात आल्या आणि एका योग्याच्या आलेखातल्या रेषा काही काळ अगदी लहान झाल्याचे त्यांनी नोंदवले. १९५७ साली अमेरिकेतून मॅरियन वेंगर आणि बसू बागची हे संशोधक आले. त्यांनी देशभरातल्या योगाभ्यासींवर नोंदी घेतल्या, लोणावळ्याच्या कैवल्यधामातही काम केले आणि दिल्लीच्या बाल कृष्ण आनंद यांच्यासह १९६१ मध्ये निष्कर्ष छापले.

हृदय थांबवण्याचा दावा करणारी माणसे श्वास रोखून छातीचे आणि पोटाचे स्नायू जोराने आवळत होती. त्यामुळे छातीतला दाब वाढतो आणि शरीरातून हृदयाकडे परतणारे रक्त वाटेतच अडते. हृदयात रक्तच कमी आले की प्रत्येक ठोक्याला बाहेरही थोडेच पडते. मनगटावरची नाडी लागेनाशी होते. आवळलेल्या स्नायूंच्या घरघरीत हृदयाचे आवाज बुडतात, म्हणून स्टेथोस्कोपलाही काही ऐकू येत नाही. ईसीजीवर मात्र ठोके चालू असतात. ब्रॉस यांच्या जुन्या नोंदीत एकाच जागेवरून आलेख घेतला होता, म्हणून लहान झालेली रेषा थांबलेल्या हृदयासारखी दिसली असावी, असे वेंगर आणि बागची यांचे म्हणणे.

भूमिगत समाधीचाही हिशेब मांडता येतो. कैवल्यधामचे करंबेळकर, विनेकर आणि भोळे यांनी हवाबंद खड्ड्यात राहणाऱ्या माणसांचा अभ्यास करून तो १९६८ साली इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चमध्ये प्रसिद्ध केला. त्यामागचे गणित सोपे आहे. २ मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि १ मीटर खोल खड्डा घेतला तर त्यात ३,००० लिटर हवा मावते. पडून असलेला माणूस तासाला सुमारे १५ लिटर प्राणवायू वापरतो आणि १२ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. बारा तासांनंतर प्राणवायू २१ वरून १५ टक्क्यांवर येईल. पावणेतीन हजार मीटर उंचीवर मिळतो साधारण तेवढा. कार्बन डायऑक्साइड मात्र जवळजवळ शून्यावरून ५ टक्क्यांच्या घरात जाईल आणि तिथे धाप, घाम आणि डोकेदुखी सुरू होते. स्वस्थ पडून राहणारा धडधाकट माणूस अर्धा दिवस काढू शकतो तो खड्ड्यात इतकी हवा असते म्हणून. त्यापुढे मर्यादा येते ती मुख्यतः साचलेल्या कार्बन डायऑक्साइडची. जत्रेत खड्डा बंद करणाऱ्याकडे पाहताना विचारायचे ते एवढेच, की आतली जागा किती आणि माती हवा किती येऊ देते. हा प्रयोग स्वतः करून पाहू नये. गणित चुकले तर जीव जातो.

शवासन आणि ४७ रुग्ण

इथवरचे प्रश्न यंत्राने सुटणारे होते. दाब मोजला, ईसीजी काढला, उत्तर मिळाले. "योगाने रक्तदाब कमी होतो का?" हा प्रश्न त्याहून कितीतरी अवघड आहे, कारण तिथे मोजमाप बरोबर असूनही निष्कर्ष चुकू शकतो.

१९२७ साली कोल्हापुरात गांधीजींचा रक्तदाब वाढून ते आजारी पडले. विश्रांतीच्या काळात त्यांचा कुवलयानंदांशी पत्रव्यवहार चालू होता आणि त्यांच्या सल्ल्याने त्यांनी काही योगक्रिया करून पाहिल्या. गांधीजींना बरे वाटले असले तरी त्यावरून योगाने रक्तदाब उतरतो हे सिद्ध होत नाही. एका माणसाचे बरे होणे, मग तो कितीही मोठा असो, कारण सांगत नाही.

पुढचे पाऊल मुंबईत पडले. केईएम रुग्णालयाचे हृदयतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांनी देशमुख, दळवी आणि कैवल्यधामचे विनेकर यांच्यासह १९६९ साली ४७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रुग्णांना शवासन शिकवले. औषध चालू नसलेल्या गटात सरासरी दाब १३४ वरून १०७ मिलिमीटरवर आला. हा डॉक्टर सांगतात तो वरचा आकडा नव्हे, एका ठोक्यातल्या चढउताराची ही सरासरी; तिच्यात २७ ची घट फार मोठी आहे. औषध घेणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची मात्राही कमी करता आली. त्या काळात रक्तदाबाची औषधे थोडी आणि त्रासदायक होती. पडून राहण्याची एक क्रिया एवढे काम करते, हे वाचून डॉक्टरांना काय वाटले असेल याची कल्पना करता येते.

तरीही एक प्रश्न उरतो. ही माणसे शवासन न करता नुसती येत-जात राहिली असती, तर त्यांचा दाब किती राहिला असता?

रक्तदाब दिवसभर वरखाली होत असतो. ज्याचा नेहमीचा दाब १४५ आहे, त्याचा एखाद्या दिवशी १६५ भरतो आणि एखाद्या दिवशी १३०. अभ्यासासाठी आपण १६० च्या वर भरलेली माणसे निवडली तर त्यांत अशी बरीच येतात, ज्यांचा त्या दिवशी योगायोगाने वर गेला होता. पुढच्या महिन्यात पुन्हा मोजले की काहीही न करता तो खाली भरतो. संख्याशास्त्रात याला 'सरासरीकडे परतणे' म्हणतात. आजारपण आपल्याला सर्वांत जास्त छळते त्या दिवशीच आपण उपाय शोधायला निघतो, म्हणून त्यानंतर केलेला जवळजवळ कोणताही उपाय लागू पडल्यासारखा वाटतो. त्यातच पहिल्यांदा दवाखान्यात गेल्यावर पट्टा बांधताना वाटणारी धास्ती तिसऱ्या भेटीत उरत नाही. उपचार सुरू केलेला माणूस मीठ कमी करतो, लवकर झोपतो. शिवाय "आता बरे होणार" या विश्वासाचाही परिणाम होतो. हे सगळे मिळून जी घट होते, ती शवासनाच्या खात्यावर जमा होते.

यातून सुटायचा मार्ग एकच, तसाच दुसरा गट ठेवायचा. चिठ्ठ्या टाकून माणसे दोन गटांत वाटायची, म्हणजे वय, आहार, स्वभाव, श्रीमंती सगळे दोन्हीकडे सारखे पडते. दोघांना सारख्याच वेळा बोलवायचे, सारखेच मोजायचे. फरक फक्त उपचाराचा. इंग्लंडमधल्या क्रॉयडनच्या डॉ. चंद्रा पटेल यांनी नेमके हेच केले. १९७५ साली लॅन्सेटमध्ये डब्ल्यू. नॉर्थ यांच्याबरोबर त्यांचा ३४ रुग्णांचा अभ्यास आला. एका गटाला सहा आठवडे आठवड्यातून दोनदा योगातले शिथिलीकरण शिकवले. शरीर किती सैल झाले हे यंत्राच्या खुणेने रुग्णाला कळत होते. दुसऱ्या गटाने तेवढाच वेळ नुसती विश्रांती घेतली. पहिल्या गटाचा वरचा दाब सुमारे २६ मिलिमीटरने उतरला. दुसऱ्या गटाचाही उतरला, सुमारे ९ ने.

या ९ साठी मी हा सगळा विभाग लिहिला. काही न शिकवलेल्या माणसांतही एवढी घट झाली. दुसरा गट ठेवला नसता तर ती उपचाराच्याच नावावर गेली असती. उरलेले १७ हे उपचाराचे खरे मोल, निदान त्या ३४ माणसांपुरते.

मग पुढे मोठे आढावे झाले. २०१३ साली मार्शल हॅगिन्स आणि सहकाऱ्यांनी १७ अभ्यास एकत्र केले, तेव्हा सरासरी घट ४ मिलिमीटरच्या आसपास निघाली. चाळीसेक वर्षांत योग कमजोर झाला असे कुणी समजू नये. छोट्या अभ्यासात योगायोगाला जास्त वाव असतो आणि मोठा परिणाम दिसलेलाच छोटा अभ्यास छापून येतो. काही न दिसलेला कपाटात राहतो. अभ्यास वाढले, मोठे झाले, की आकडा खऱ्याच्या जवळ सरकतो. आणि ४ मिलिमीटर म्हणजे क्षुल्लक नव्हे. लाखो लोकांचा दाब तेवढा उतरला तर पक्षाघाताचे प्रमाण दिसण्याइतके कमी होते. मात्र ज्याचा दाब १७० आहे, त्याची गोळी यामुळे सुटत नाही.

> चौकट : आरोग्याची बातमी वाचताना
>
> "अमुक केल्याने तमुक बरे झाले" असे वाचले की आधी पाहावे की न करणाऱ्यांचे काय झाले. ते दिलेच नसेल तर बातमी अर्धी आहे. गट चिठ्ठ्या टाकून केले होते, की ज्याला हवे त्याने निवडले? निवडले असेल तर उत्साही आणि धडधाकट माणसे एका बाजूला गोळा झालेली असतात. किती माणसे होती आणि मध्येच किती सोडून गेली, तेही पाहावे. आणि मोजले काय? रुग्णाला कसे वाटते हे, की हृदयविकाराचा झटका, मृत्यू, औषधाची मात्रा? दोन्ही महत्त्वाचे आहे, पण एकाचे उत्तर दुसऱ्याला लागू होत नाही.

सगळे पुरावे एका टेबलावर

एकेका अभ्यासावर विसंबू नये म्हणून १९९३ साली कॉक्रेन ही आंतरराष्ट्रीय संस्था सुरू झाली. एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास शोधायचे, प्रत्येकाचे दोष आधी ठरवलेल्या कसोट्यांवर तपासायचे आणि मग सगळ्यांचा मिळून हिशेब करायचा, हे तिचे काम.

दम्यावर योगोपचार हा कैवल्यधामचा जुना विषय. १९६० च्या दशकात डॉ. भोळे यांनी त्यावर लिहिले. १९८५ साली बंगळुरूच्या नागरत्ना आणि नागेंद्र यांनी ५३ रुग्णांची तितक्याच रुग्णांशी तुलना केली. २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यात १५ चाचण्या आणि १,०४८ रुग्ण आहेत. योगाने दम्याच्या रुग्णाचे रोजचे जगणे आणि लक्षणे थोडी सुधारतात असे बहुधा म्हणता येते. फुप्फुसांची क्षमता वाढते का आणि औषध कमी होते का, याचा भरवसा देता येत नाही. म्हणजे प्राणायाम जरूर करावा, दम्याचा पंप मात्र खिशातून काढून टाकू नये.

कंबरदुखीचा २०२२ चा आढावा २१ चाचण्यांचा, २,२२३ माणसांचा. काहीच व्यायाम न करण्यापेक्षा योगाने हालचाल थोडी सुधारते, वेदनेतला फरक जाणवण्याइतका मोठा नसतो. इतर पाठीच्या व्यायामांशी तुलना केली तर फारसा फरक राहत नाही. मावळात भातलावणीनंतर कंबर धरलेल्या बाईला याचा अर्थ असा, की आसने आवडत असतील तर आसने, नाहीतर दवाखान्यात दाखवलेले साधे व्यायाम. जे रोज होईल ते चांगले.

योगाच्या भारतातल्या सर्वांत मोठ्या चाचण्यांपैकी एक हृदयाची आहे. २४ रुग्णालयांत, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ३,९५९ रुग्णांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटले. एकाला योगावर आधारित पुनर्वसन, दुसऱ्याला नेहमीची काळजी आणि सल्ला. २०२० साली निष्कर्ष आले. योगाच्या गटात १३१ जणांच्या बाबतीत मृत्यू, पुन्हा झटका, पक्षाघात किंवा तातडीने रुग्णालयात दाखल होणे यांपैकी काही घडले, दुसऱ्या गटात १४६ जणांच्या. फरक योगायोगाने पडू शकतो इतकाच. स्वतःची तब्येत कशी वाटते या प्रश्नाला मात्र योगाच्या गटाने चांगली उत्तरे दिली.

याच चाचणीत दहा किंवा जास्त वर्गांना आलेल्यांत धोका बराच कमी दिसला. इथे थांबून विचार करायला हवा. दहा वर्गांना कोण येऊ शकते? ज्याची तब्येत आधीच बरी आहे, ज्याला रजा मिळते, ज्याला घरून कुणी घेऊन येते, जो गोळ्याही वेळेवर घेतो. वर्गाला आल्याने तो बरा राहिला, की बरा होता म्हणून वर्गाला आला, हे यातून सांगता येत नाही. चिठ्ठ्यांनी केलेली समान वाटणी इथे मोडते.

एक अडचण मात्र योगाच्या कोणत्याही चाचणीला चुकवता येत नाही. औषधाच्या चाचणीत खरी आणि खोटी गोळी सारखीच दिसते, त्यामुळे आपण काय घेतो हे रुग्णाला कळत नाही. शवासन करतो आहोत की नाही, हे कुणापासून लपवणार? म्हणून "बरे वाटते" या मोजमापात विश्वासाचा वाटा राहतोच. त्यासाठी दुसऱ्या गटालाही काहीतरी मनापासून करायला द्यावे लागते, चालणे, ताणाचे व्यायाम, शांत संगीत. अशा तुलनेत जे टिकते त्याला योगाचे स्वतःचे म्हणता येईल.

अपायाचाही पुरावा लागतो

लाभ मोजतो त्याच काटेकोरपणे अपायही मोजायला हवेत आणि इथे आपण फार मागे आहोत. योग नैसर्गिक आहे, म्हणून त्याने काही होत नाही, असे गृहीत धरले जाते. चेन्नईच्या शंकर नेत्रालयातल्या संशोधकांनी शीर्षासन करणाऱ्या ७५ जणांच्या डोळ्यांतला दाब मोजला आणि २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. आसनात दाब सुमारे दुप्पट झाला. निरोगी डोळ्याचा दाब आसन सोडल्यावर उतरतो. काचबिंदूत मात्र दाबानेच दृष्टीचा चेतातंतू हळूहळू मरतो आणि बऱ्याच रुग्णांना तो आजार आहे हे माहीतही नसते. श्वास रोखून जोर लावण्याच्या क्रियांत छातीतला आणि धमन्यांतला दाब झपाट्याने बदलतो, हे वेंगर-बागची यांच्या नोंदींतून दिसलेच. रक्तदाब आटोक्यात नसलेल्याने, हर्निया असलेल्याने आणि गरोदर बाईने नौली व दीर्घ कुंभक, म्हणजे श्वास बराच वेळ रोखून धरणे, टाळावे, हे चांगले शिक्षक सांगतात. चाळिशी उलटलेल्या माणसाने शीर्षासन शिकण्याआधी डोळ्यांचा दाब एकदा तपासून घ्यावा. त्याला पाच मिनिटे लागतात, आणि तळेगाव-लोणावळ्यात त्यासाठी पुण्याला जावे लागत नाही.